दुसऱ्या कसबाचा अधिकार

पुण्यात वारजे पुलाखाली सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या पोरांमध्ये कायम कामगार कोण आणि अप्रेंटिस कोण, हे बुटांवरून ओळखता येत नाही. सेफ्टी शूज दोघांचेही सारखेच मळलेले असतात. फरक कायद्यात आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमानुसार अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळते. 2019 च्या नियमदुरुस्तीत त्याची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे महिना 5 हजार ते 9 हजार रुपये अशी ठरली. अपघात झाला तर भरपाईचा हक्क आहे, सुरक्षेचे नियम लागू आहेत. पण कामगार म्हणून पदरात पडायचे बाकीचे काही नाही. थोडक्यात, तो शिकण्यासाठीच तिथे आहे, असे सरकारनेच लिहून ठेवले आहे.

मग त्याने किती शिकावे?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. माळवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा, आयटीआयमधून फिटर झालेला एखादा मुलगा शिवण्याच्या किंवा नऱ्ह्याच्या शॉपमध्ये दिवसभर कानस मारतो आणि रात्री वायरमनच्या परवान्याची तयारी करतो. दुसरा सीएनसीचा क्लास लावतो. तिसरा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे कळलेला चौथा कागदपत्रांच्या मागे असतो. अशा मुलांना दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. घरून ऐकू येते, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ शॉपमध्ये सुपरवायझर म्हणतो, ‘आधी हातातलं तरी नीट शिक.’ दोन्ही सल्ले काळजीपोटी दिलेले असतात, व्यवहारी असतात, आणि पुष्कळदा बरोबरही असतात. पण त्यांच्या तळाशी व्यवहाराहून जुनी एक समजूत बसलेली आहे: माणसाला काम एकच, ते त्याचे ठरलेले, आणि त्याच्या पलीकडे हात घालणे हा नुसता वेळेचा अपव्यय नव्हे, काहीसा अधर्मच.

या समजुतीचा आधार म्हणून गीतेकडे बोट दाखवले जाते. तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्या अध्यायात गीता सांगते की, आपला धर्म उणा असला तरी दुसऱ्याच्या चांगल्या आचरलेल्या धर्मापेक्षा बरा. कीर्तनात हा विचार इतक्यांदा येतो की तो ऐकणाऱ्याला आपल्या नोकरीबद्दलच सांगितल्यासारखा वाटतो. लोकमान्य टिळकांनी मात्र 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याची व्याप्ती मोकळी केली. चातुर्वर्ण्य जिथे नाही अशा समाजालाही गीतेचा उपदेश लागू पडतो, तिथल्या व्यवस्थेप्रमाणे जे कर्म अंगावर घेतले ते निष्ठेने करणे हाच त्याचा गाभा, असे त्यांचे म्हणणे. कर्म अंगावर ‘घेतले’ असे एकदा मान्य केले की उद्या दुसरेही घेता येते. टिळकांच्या वाचकांनी हा धागा फारसा ओढला नाही, हा भाग वेगळा.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय अधिक सडेतोड आहे, आणि म्हणून अधिक उपयोगी. आपत्काळी ब्राह्मणाने क्षत्रियाची किंवा वैश्याची वृत्ती धरावी, क्षत्रियाने वैश्याची धरावी, अशी मुभा तिथे आहे. म्हणजे धंदा बदलणे मुळात निषिद्ध नाही. पण ही वाट फक्त खाली उतरते. खालच्याने लोभाने वरच्याची वृत्ती धरली तर राजाने त्याचे धन काढून घ्यावे आणि त्याला हद्दपार करावे, असे शहाण्णवावा श्लोक सांगतो. आणि लगेच पुढच्या, सत्त्याण्णवाव्या श्लोकात स्वधर्माचे तेच सुभाषित येते. शिक्षा आधी, सुविचार नंतर. हा क्रम लक्षात घेतला की त्या सुविचाराचे कोणाच्या बाबतीत काय काम होते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गावगाड्यातही तेच होते, फक्त संस्कृतात नव्हते. बारा बलुतेदारांचे बलुते म्हणजे वतन. सुताराने लोहारकाम शिकणे म्हणजे लोहाराच्या वाट्यात हात घालणे. ज्या घरांतून आज पोरे फिटर, वेल्डर, टर्नर व्हायला येतात, त्यांतल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांना पहिला धंदासुद्धा निवडता आला नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच जागी बोट ठेवले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि तिथे कधीच न झालेले भाषण त्यांनी 1936 साली स्वतः छापले. जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा सर्वांना ठाऊक असतो. त्याच ओघातला दुसरा मुद्दा कमी सांगितला जातो: उद्योगधंदे सतत बदलतात, बदलत्या धंद्यात शिरण्याची मोकळीक माणसाला नसेल तर तो उपाशी राहतो, आणि म्हणून जात हे बेकारीचे थेट कारण आहे. आयटीआयच्या नोटीसबोर्डावर लावावा इतका हा रोखठोक अर्थशास्त्राचा मुद्दा आहे. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याला उत्तर देताना अस्पृश्यता आणि उच्चनीचता नाकारली, पण वडिलोपार्जित व्यवसायाने पोट भरण्याचा नियम मात्र उचलून धरला. हा वाद निकालात निघाला तो पुस्तकात नव्हे, कारखान्यांच्या भरतीत.

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण तर अप्रेंटिसच्या प्रश्नाला अगदी चिकटून आहे. 1916 साली लंडनला पोहोचल्यावर त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये, अशी दोन्हीकडे एकदमच नावे घातली. डोक्यावर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीचा करार होता. शिक्षणानंतर संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. शिष्यवृत्तीची मुदत संपली, 1917 साली परतावे लागले, बडोद्यात जातीपायी राहायला जागा मिळेना म्हणून ती नोकरी सुटली. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, 1920 साली पुन्हा लंडन गाठले आणि दोन्ही अभ्यास पुरे केले. ‘एकच धर’ असा सल्ला त्यांनाही कोणी तरी दिलाच असेल.

पण इथे एक अवघड गाठ आहे. जन्माने ठरलेला धंदा नाकारणे वेगळे आणि आपण होऊन केलेला करार पाळणे वेगळे. अप्रेंटिस जन्माने बांधलेला नसतो, सहीने बांधलेला असतो. त्याच्या उमेदवारीच्या काळावर शिकवणाऱ्याचा हक्क आहे की नाही?

गंमत म्हणजे आपल्या स्मृतिकारांनी या प्रश्नावर बारकाईने लिहिले आहे, आणि स्वधर्माच्या सुविचारांपेक्षा ते कलम अधिक वाचनीय आहे. कारागिराकडे शिकायला राहणाऱ्याला ते ‘अंतेवासी’ म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम असा: ठरलेल्या मुदतीआधी कसब हाती आले तरी शिष्याने मुदत संपेपर्यंत गुरूच्या घरी राहावे, जेवण गुरूने द्यावे, कामाचे फळ गुरूने घ्यावे. मालकाच्या बाजूचे वाटते ना? नारदस्मृती दुसरी बाजू भरून काढते. शिकणाऱ्याने नातेवाइकांच्या संमतीने यावे आणि मुदत आधी ठरवावी. गुरूने त्याला आपल्या घरी खाऊ घालून शिकवावे, मुलासारखे वागवावे, आणि त्याच्याकडून दुसरे काम करून घेऊ नये. निर्दोष गुरूला सोडून शिष्य पळाला तर त्याला बळाने राहायला लावता येते, असेही नारद म्हणतो. त्या कठोर कलमातही ‘निर्दोष’ ही अट आहे.

आता ही अट घेऊन आजच्या एखाद्या शेडमध्ये शिरून पाहावे. ट्रेड फिटर, कागदोपत्री प्रशिक्षण फिटरचे. आणि प्रत्यक्षात मुलगा सहा महिने पार्ट पुसून खोक्यात भरतो, ट्रॉली ढकलतो, शनिवारी मशीनखालचा चुरा गोळा करतो. असे सगळीकडे होत नाही. चांगल्या कारखान्यांत ट्रेनिंग सेंटर असते, इन्स्ट्रक्टर असतो, डायरी तपासली जाते. पण जिथे होते तिथे नारदाच्या भाषेत गुरू निर्दोष उरत नाही. ज्याला पहिलेच कसब धड शिकवले जात नाही, तो दुसऱ्याच्या मागे लागला तर त्याच्या निष्ठेची झडती घेण्याचा अधिकार मालकाला नाही, असे धर्मशास्त्राच्या चौकटीत राहूनही म्हणता येते.

उलट बाजूही तितकीच खरी. जिथे शिकवले जाते तिथे शॉपमधले आठ तास शॉपचेच. खिशातल्या मोबाइलवर वायरिंगचे व्हिडिओ पाहत ड्रिल मशीनवर उभे राहणे हा करारभंग आहे, शिवाय बोट गमावण्याचा खात्रीचा मार्ग.

शास्त्रे काहीही सांगोत, माणसे दोन-दोन धंदे करतच होती, याचे पुरावे दगडात कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धन येथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3 हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले: एका श्रेणीकडे 2 हजार, दरमहा शेकडा 1 व्याजाने, दुसरीकडे 1 हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकचे विणकर माग चालवता चालवता पेढीही चालवत होते, तीही चिवरांसाठी ठेवलेल्या धर्मादाय पैशाची. कोणा भिक्षूने त्यांना स्वधर्म आठवून दिल्याचे त्या लेखात नाही.

माळव्यातल्या मंदसोरचा शिलालेख याहून बोलका. लाट प्रदेशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी तिथे येऊन वसली. त्यांनी सूर्यमंदिर बांधले आणि इसवी सन 473 च्या सुमारास त्याची दुरुस्ती करताना वत्सभट्टीकडून प्रशस्ती लिहून घेतली. त्या प्रशस्तीत ते अभिमानाने सांगतात की आपल्यातले काही धनुर्विद्येत निपुण झाले, काही ज्योतिषात, काही कथा सांगण्यात, काही धर्मचर्चेत, आणि काहींनी आपले विणकामच उत्तम चालवले. देवळाच्या भिंतीवर ही यादी कोरताना त्यांना लाज वाटली नाही. आजच्या बायोडेटात मुले ‘अदर स्किल्स’ लिहितात तेव्हा ती एका मानाच्या परंपरेत बसतात, एवढे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

वारज्याच्या शेजारचेच उदाहरण हवे असेल तर कोथरूडकडे पाहावे. तिथे 1962 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. त्या किर्लोस्कर नावाच्या मुळाशी असलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले, पुढे बेळगावात सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. 1910 साली किर्लोस्करवाडी वसेपर्यंत या माणसाने किती धंदे बदलले ते मोजत बसण्यात अर्थ नाही. पण चित्रकाराचा हात यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये वाया गेला नाही, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

या सगळ्यात खरा आक्षेप परंपरेचा नाहीच, लक्षाचा आहे. एक मन दोन कामांत राहते का? आणि इथे वारकरी संतांच्या कथा फार जाणकार आहेत. त्या सांगताना आपण भक्तीचा भाग घोळून सांगतो आणि कामाच्या ठिकाणी काय झाले तो भाग पटकन उरकतो. गोरोबा चिखल तुडवत विठ्ठलनामात रंगले आणि पायाखाली स्वतःचे मूल आले. नरहरी सोनारांनी विठ्ठलाकडे न पाहता दुसऱ्याने आणलेल्या मापावर करगोटा केला आणि तो काही केल्या नीट बसेना. सेना न्हावी पूजेत गुंतले आणि कामाची वेळ टळली. तेव्हा प्रत्यक्ष देव धोपटी घेऊन राजाकडे गेला. तिन्ही कथांचा शेवट गोड आहे, कारण देव मध्ये पडतो. पण परंपरेने किंमत लपवलेली नाही: मन दुसरीकडे गेले की काम बिघडते, मग ते दुसरीकडे म्हणजे खुद्द वैकुंठात का असेना. शिवाय वारज्यातल्या अप्रेंटिसच्या जागी पंच करायला विठ्ठल येण्याची सोय एचआरच्या नियमात नाही.

म्हणून दुसरे कसब शिकण्याचा अधिकार मान्य करूनही एक तारतम्य ठेवावे लागते. उमेदवारीचे पहिले काही महिने, हात बसेपर्यंत, दुसरे काही न धरलेलेच बरे. कानस सपाट चालायला लागत नाही, सरफेस प्लेटवर निळा लावून घासल्यावर जॉबचे उंचवटे वाचता येत नाहीत, व्हर्नियर पाहायला दर वेळी शेजाऱ्याला विचारावे लागते, तोवर दुसऱ्या सर्टिफिकेटचा अर्थ ‘भाराभर चिंध्या’ हाच. म्हणीत तथ्य आहे. तिचा गैरवापर होतो, एवढेच.

पण हात बसल्यावर दुसरे कसब पहिल्याला खात नाही, त्याला डोळे देते. वारज्यातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पंपरूममध्ये हे दिसते. खाली टाकी, थ्री-फेज मोटर, कपलिंग, पंप, वर जाणारा पाइप. वीज कंपनीचे काही काम झाले किंवा पॅनेल कोणी उघडले, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांना पाणी चढेना. पंप तर चालतो, आवाज येतो, पाणीही थोडे येते. नुसता फिटर असेल तर तो इंपेलर झिजला म्हणून पंप खोलायला घेतो; अर्धा दिवस गेला, गॅस्केट गेले, इंपेलर ठणठणीत निघाला. नुसता वायरमन असेल तर तो तिन्ही फेज तपासतो, सप्लाय बरोबर आहे असे सांगून निघून जातो. दोन्ही येणारा आधी मोटरच्या मागच्या पंख्याकडे बघतो, मग पंपाच्या अंगावरच्या बाणाकडे. फिरण्याची दिशा उलटी आहे. दोन फेज अदलाबदल केल्या की पाणी वर. यात ज्ञान मोठे नाही. पण ते दोन ट्रेडच्या मधल्या फटीत पडलेले आहे, आणि त्या फटीत कोणताच एक अभ्यासक्रम उतरत नाही.

ही फट ओळखून कोणी शिक्षणच वेगळे रचले नाही असे नाही. पुणे जिल्ह्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लीव्हरमधल्या संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले. तिथला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम एका ट्रेडचा नाहीच: वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, अन्न आणि आरोग्य, अशी चारही अंगे मुलगा हाताने काम करत शिकतो, आणि गावाला खरोखर लागणारी कामे पैसे घेऊन करतो. शाळेत नापास झालेली मुलेही तिथे घेतली. गावगाड्याने बारा घरांत वाटलेले काम कलबागांनी एका मुलाच्या हातात ठेवले. धर्मसुधारणेच्या इतिहासात याची नोंद कोणी घेत नाही, घ्यायला हवी.

विद्यापीठांनीही हे धोरण उशिरा का होईना पत्करले. एका वेळी दोन पदव्या करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये दिली. पांढरपेशा मुलाने बी.कॉम. करता करता दुसरी पदवी घेतली तर ती महत्त्वाकांक्षा ठरते. फिटरने वायरमनचा परवाना काढला तर त्याला धरसोड म्हणतात. या दुटप्पीपणात मनूचा तो शहाण्णवावा श्लोक अजून जिवंत आहे, असे म्हटले तर राग येणारे येऊ देत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शॉपमध्ये मशिनींना झेंडूच्या माळा घालतात. लेथच्या चकवर हळदकुंकू, पाटावर कानस, हातोडी, पाने, मायक्रोमीटर, नारळ, पेढे. ज्याच्या हाती जे हत्यार, त्याने त्याची पूजा करायची, एवढाच त्या दिवसाचा विधी. कानशीशेजारी टेस्टर आणि क्रिंपिंगचे प्लायर ठेवले तर पूजा बाटत नाही. कोणती हत्यारे कोणत्या जातीची, हा हिशेब खंडेनवमीच्या पाटाने केव्हाच सोडून दिला आहे. सर्वसामान्य मराठी कामगाराच्या धर्मबुद्धीला जे सहज पटते ते स्वधर्माच्या निरूपणात कित्येकदा अडकून पडते.

राहता राहिला वेळ. 1992 च्या शिकाऊ उमेदवारी नियमांत आठवड्याचे तास 42 ते 48 असे बांधून दिले होते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात, सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय, अप्रेंटिसला कामाला लावण्यास मनाई होती. 2014 च्या कायदादुरुस्तीने तास ठरवण्याचे काम मालकाकडे दिले. त्यामुळे अप्रेंटिसची संध्याकाळ आता कायद्याच्या हातात कमी आणि शिफ्ट लावणाऱ्याच्या हातात जास्त आहे. आणि 2016 पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार म्हणजे करदाते भरतात. तेव्हा हा मालकाचा खासगी मामलाही राहिलेला नाही.

ज्यांच्या शॉपमध्ये अप्रेंटिस आहेत त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. ज्या ट्रेडच्या करारावर सही घेतली तो ट्रेड आधी मन लावून शिकवावा. आणि मुलाच्या दुसऱ्या परीक्षेच्या तारखा विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात, म्हणजे त्या आठवड्यात त्याला सेकंड शिफ्ट लागणार नाही.